तळटिपेतला कर्ण

चि. मनू,


तुझं पत्र आणि तुझ्या आईचा फोन एकाच दिवशी आले. तू विचारतेस, "युगांत संपलं, पुढे काय वाचू, यादी दे." आणि ताई सांगते, दिवाळीच्या साफसफाईत मनूनं कपाटातले दोन गठ्ठे रद्दीत घातले. धारप, शिरवळकर, गुरुनाथ नाईक, आणि वर मृत्युंजयसुद्धा, "हे काही खरं महाभारत नाही" असं ऐकवून. यादी देईन गं, पण आधी माझं ऐकून घे.

ताई रडली वगैरे नाही. "किलोला बरा भाव मिळाला म्हणे," एवढंच म्हणाली आणि डिंकाच्या लाडवांवर गेली. मला तेच लागलं. ती मृत्युंजयची प्रत तू उघडून तरी पाहिलीस का? कणा तुटलेला, वृषालीच्या भागातली पानं सुटी, कडेला हळदीचा अंगठा. नानांच्या त्या वर्षी ती प्रत कुठे कुठे होती हे मी पत्रात लिहिणार नाही. ताईलाच विचार. समोर बसून विचारलंस तर सांगायची नाही, भांडी विसळायला शेजारी उभी राहा.

आता तुझं खरं महाभारत. युगांत आणि मृत्युंजय दोन्ही १९६७ चे, हे लक्षात आलंय का तुझ्या? इरावतीबाई डेक्कन कॉलेजात मुरलेल्या, नातेसंबंधांवरचा त्यांचा तो मोठा इंग्रजी ग्रंथ १९५३ चा. सावंत आजऱ्याचे, कोल्हापुरात शाळामास्तर, अजून तिशीही न गाठलेले. बाईंनी युगांतमधल्या 'मी कोण?' या लेखात कर्णाची गय केली नाही. सावंतांनी मृत्युंजयमध्ये त्याच कर्णाला स्वतःच्या तोंडानं बोलू दिलं, त्याच्याबरोबर कुंतीला, वृषालीला, दुर्योधनाला, शोणाला आणि शेवटी कृष्णाला. तुला बाई पटल्या. मलाही पटतात. पण म्हणून दुसरं पुस्तक रद्दीत?

भांडारकर संस्थेची चिकित्सित आवृत्ती तू रोज हाताळतेस, तुला मी काय सांगणार! १९१९ ला काम सुरू, १९६६ ला पूर्ण, १२५९ हस्तलिखितं, शारदेपासून मल्याळमपर्यंत नाना लिप्या. सुकथनकरांनी १९२५ पासून १९४३ ला जाईपर्यंत तो गाडा ओढला. त्यातलं आदिपर्व काढ. स्वयंवरात द्रौपदी कर्णाला "सूताला वरणार नाही" म्हणते, तो प्रसंग शोध. वरच्या मजकुरात नाही. मोजक्या पोथ्यांत आहे म्हणून तो खाली, बारीक टायपात गेलाय. आणि मृत्युंजय वाचलेल्या कुठल्याही माणसाला विचार, कर्णाचं काळीज कुठे फाटलं? तो हाच प्रसंग सांगेल.

मग तो खोटा का? अगं, कधीतरी कुठल्यातरी लेखनिकाला, कीर्तनकाराला, समोर बसलेल्या श्रोत्यांना तो हवासा वाटला, म्हणून तो पोथीत शिरला. तेव्हाची ती लोकप्रिय कादंबरीच की! सुकथनकरांनी ती वरून काढली, पण टाकली नाही. कुठल्या पोथीत आहे, कुठल्यात नाही, सगळ्याची नोंद ठेवून पानाच्या तळाशी जपली. इतका कडक माणूस, पण प्रक्षेप रद्दीवाल्याला दिले नाहीत. आणि तू त्याच आवृत्तीवर काम करणारी मुलगी!

चिडून लिहितेय, कळतंय मला. पण देवघेवीच्या टेबलावर उभा जन्म गेला माझा, मला हे दिसतं. ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' आपल्या वाचनालयात आलं, त्याच्या मागची तारखांची चिठ्ठी वर्षानुवर्षं अर्धीसुद्धा भरली नाही. 'दुनियादारी'ला चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवून मागच्या पुठ्ठ्याला फुगवटा आला होता. पण ढेरे घेतले कशावर? ग्रंथालय कायदा झाला तोही १९६७ लाच, पण त्याचं अनुदान यायचं तेव्हा यायचं. महिन्याच्या महिन्याला येणारी वर्गणी शिरवळकर-धारपांच्या वाचकांची. त्यांच्या कादंबऱ्यांतल्या फिरोज इराणीनं आणि समर्थांनी पैसा आणला, म्हणून विठ्ठल कपाटात आला. समितीतल्या कुणी हे कधी मान्य केलं नाही, ते सोड. त्यांच्यातलेच एक प्राध्यापक अर्नाळकरांचा झुंजार वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे.

आणि एक रिक्षावाला होता, तुला आठवेल, तुला पेपरमिंट द्यायचा तो. विश्वास पाटलांचं पानिपत वाचून आला नि म्हणाला, "यात खरं किती?" मी शेजवलकरांचा पानिपतावरचा इतिहास हातात ठेवला. परत आणायला फार दिवस लावले त्यानं, दंडही भरला. म्हणाला, "कादंबरीत रडू आलं, यात राग येतोय." मग सदाशिवरावभाऊंच्या बाजारबुणग्यांवर मला टेबलाशी अर्धा तास धरून बसला, मागे रांग लागली तरी हलेना. कादंबरीनं ढकललं नसतं तर शेजवलकरांच्या वाटेला तो गेला असता का? आणि शेजवलकर हाती लागले नसते तर रडून मोकळा झाला असता.

तुझी काळजी मला पुस्तकांपलीकडची आहे. हल्ली पुस्तकाविषयी बोलतेस तेव्हा कोण कुठे चुकलं एवढंच सांगतेस. पूर्वी गोष्ट सांगायचीस. धारप वाचून गच्चीवर एकटी जायला घाबरायचीस, जिन्यात मला उभं करायचीस आणि दुसऱ्या दिवशी पुढचं पुस्तक मागायचीस. आता रात्री दोनपर्यंत टिपा वाचतेस म्हणे. झोपताना वाचायला उशाशी काय असतं? काहीच नाही ना? मला वाटलंच. माणूस अशानं कोरडं होतं गं, आणि तू तिथे एकटी राहतेस.

यादीत सध्या तीनच. ढेऱ्यांचं 'लज्जागौरी', दुर्गाबाईंचं 'व्यासपर्व' आणि धारपांचं कुठलंही, मात्र रात्रीच वाचायचं. बाकी नंतर. त्याआधी शनिवारी घरी जा आणि रद्दीवाल्याला गाठ. ही मंडळी पुस्तकं वजनात घेतात, पण बहुधा लगदा करायला धाडत नाहीत, बाजूला काढून जुन्या पुस्तकवाल्यांना विकतात. त्यानं विकली असतील तर अप्पा बळवंत चौकापासून शोधायला लाग. बाकीची नाही मिळाली तरी ती हळदीच्या अंगठ्याची प्रत मिळायला हवी. जास्त पैसे मागेल, दे, मी पाठवते. आणि मावशीनं सांगितलं म्हणून आणली, असं ताईला म्हणू नकोस.

तुझी,
मावशी

ता. क. खोकला गेला का? फोनवर तर अजून ऐकू येतोय. डॉक्टरांकडे जा, मध-आल्यावर ढकलू नकोस.