मुक्काम दोन मिनिटं

या गृहस्थाचं अर्धायुष्य १२२ सेकंद. आत्ता समोर जितके अणू आहेत, त्यातले निम्मे दोन मिनिटांत संपतात, उरलेल्यातले निम्मे पुढच्या दोन मिनिटांत. दहा मिनिटांनी ३२ अणूंमागे एखादाच शिल्लक. नाव ऑक्सिजन-१५. आपण नाकानं ओढतो त्या ऑक्सिजनचा हा सख्खा भाऊ. वागणं डिट्टो तसंच, फक्त गाभ्यात एक न्यूट्रॉन कमी, आणि तेवढ्यापायी जिवाला स्वस्थता नाही.

१९३४ साली बर्कलीला लिव्हिंग्स्टन आणि मॅकमिलन यांनी नायट्रोजनवर ड्यूटेरॉनांचा मारा करून त्याला जन्माला घातलं. मरतो तोही नायट्रोजन होऊनच. इतक्या अल्पायुषी पोराची वैद्यकात वर्णी लागायला वीसेक वर्षं गेली. त्याला बाटलीत भरून कुठे धाडता येत नाही, तेव्हा त्याला बनवणारं सायक्लोट्रॉनच रुग्णालयाच्या आवारात आणावं लागलं. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ते १९५५ साली सुरू झालं. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मिशेल तेर-पोगोशियन या भौतिकशास्त्रज्ञानं याच पोराला हाताशी धरलं. जो फार काळ राहत नाही त्याला पुन्हापुन्हा बोलावता येतं, हा त्याचा गुण होता. दहा मिनिटं थांबलं की पहिल्या खेपेचा मागमूस नाही, दुसरा प्रश्न विचारायला मोकळे.

आणि प्रश्न तसाच अवघड होता. मानेतली कॅरोटिड धमनी चरबीनं अरुंद झाली किंवा पार बुजली, तर त्या बाजूच्या मेंदूचं काय होतं? धमनी किती बुजली हे डॉपलर सांगतो, अँजिओग्राफी सांगते. पण मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. एका बाजूचा पुरवठा तुटला तर दुसऱ्या बाजूचं रक्त तिकडून वळतं. त्यामुळे एकाची कॅरोटिड शंभर टक्के बंद असूनही तो मजेत फिरतो, तर दुसऱ्याचा हात चहाचा कप उचलताना लुळा पडतो. नळी किती बारीक झाली यावरून मेंदूची भूक कळत नाही.

ती भूक मोजायला आपला नायक तीन सोंगं घेतो. कार्बन मोनॉक्साइड होऊन आला की लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि मेंदूत रक्त किती साठलंय ते सांगतो. पाणी होऊन आला की रक्ताबरोबर पेशींत झिरपतो. त्यावरून प्रवाह कळतो. आणि निव्वळ ऑक्सिजन म्हणून आला, की आलेल्यातला किती वापरला गेला तेही कळतं. यातही त्याची एक खोड आहे. पेशीनं त्याला वापरलं की त्याचं पाणी होतं, आणि तेच पाणी रक्तात मिसळून पुन्हा मेंदूत हजेरी लावतं. हिशेब करणाऱ्याला हे दुबार आलेले वजा करावे लागतात.

चाचणीचा थाट बघण्यासारखा असतो. रुग्ण स्कॅनरच्या कड्यात डोकं घालून पडलेला, डोकं हलू नये म्हणून साच्यात बसवलेलं. मनगटाच्या धमनीत बारीक नळी, रक्तातली किरणोत्सारिता क्षणाक्षणाला मोजायला. पलीकडे सायक्लोट्रॉनवाले, मध्ये वायूची लांबलचक नळी. इशारा होतो, वायू सुटतो, रुग्ण एक श्वास ओढतो. (हॅमरस्मिथची पद्धत निराळी. तिथे रुग्ण मिनिटांमागून मिनिटं वायू हुंगत राहतो, येणारे आणि मरणारे यांची तोंडमिळवणी होईपर्यंत.) मग एकेक अणू मरतो. मरताना पॉझिट्रॉन फेकतो, तो जवळच्याच इलेक्ट्रॉनला भिडतो, दोघंही नाहीसे होतात आणि दोन किरण विरुद्ध दिशांना सुटतात. कड्यातले दोन शोधक एकाच वेळी चमकले, की त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी हा मेला, एवढी नोंद होते. अशा लाखो मृत्यूंच्या नोंदींतून नकाशा उभा राहतो.

नकाशात आकडे असतात. धडधाकट मेंदूच्या १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळतं, आणि त्यातला जेमतेम ४० टक्के ऑक्सिजन तो घेतो. बाकीचा तसाच परत. आता पुरवठा घटू लागला की आधी बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. तेवढ्यानं भागलं नाही तर मेंदू आलेल्या रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढू लागतो. टँकरच्या गावात बाई कपडे धुतलेलं पाणी अंगण सारवायला वापरते, थेंब वाया जाऊ देत नाही, तसं. ४० टक्क्यांचे ८० होतात. रक्त कमी, तरी वापर तेवढाच. १९८१ साली फ्रान्सच्या जाँ-क्लोद बारों यांनी या अवस्थेला ‘मिझरी परफ्यूजन’ म्हटलं. उलटही घडतं. मेंदूच्या झटक्यानंतर काही दिवसांनी मेलेल्या भागात रक्त धो-धो वाहतं आणि घेणारं कुणी नसतं. नुसता प्रवाह मोजणारा इथे साफ फसतो. वापर मोजणारा फसत नाही. मला या पात्राचं सर्वांत मोठं मोल इथे वाटतं.

१९९८ साली सेंट लुईसच्या गटानं, कॅरोटिड पूर्ण बुजलेल्या आणि लक्षणं असलेल्या ८१ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांचा मेंदू जास्त ऑक्सिजन ओढत होता अशा ३९ जणांपैकी १२ जणांना झटका आला. उरलेल्या ४२ पैकी फक्त तिघांना. कुणाला धोका आहे ते ऑक्सिजन-१५नं बरोबर ओळखलं होतं.

मग सर्जन पुढे सरसावले. टाळूची धमनी कवटीतून आत नेऊन मेंदूच्या धमनीला जोडायची, म्हणजे भूक भागेल. १९८५ साली याच बायपासची १,३७७ रुग्णांवरची चाचणी फसली होती, पण तेव्हा भुकेले कोण हे निवडलंच नव्हतं. या खेपेला ऑक्सिजन-१५नं निवडून दिलेले १९५ रुग्ण घेतले. २०११ साली निकाल आला. दोन वर्षांत बायपासवाल्यांपैकी २१ टक्क्यांना त्या बाजूचा झटका आला, औषधांवर ठेवलेल्यांपैकी २२.७ टक्क्यांना. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या ३० दिवसांतच १४.४ टक्के, तर दुसऱ्या गटात २ टक्के. चाचणी मध्येच थांबवली. गंमत म्हणजे जोड नीट बसले होते, आणि मेंदूची ओढ कमी झाल्याचं यानंच पुन्हा मोजून दाखवलं होतं. पण ऑपरेशनची किंमत जास्त पडली. यात मला त्याचा दोष दिसत नाही. त्याला विचारलं तेवढं त्यानं खरं सांगितलं.

आपल्याकडे परळला २००२ साली देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन आलं. तिथे बनणाऱ्या फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटं, तो विमानानं परगावी जाऊ शकतो. ऑक्सिजन-१५ मात्र परळहून दादरला पोहोचेपर्यंत संपेल. म्हणून बहुतेक रुग्णालयांत याची गाठ पडत नाही. तिथे सीटी आणि एमआरआयवर भागवतात. त्या पद्धती खऱ्या की खोट्या हे पारखायला संशोधक आजही याच्याच आकड्यांकडे जातात.

त्या २०११च्या निकालातली एक गोष्ट घरी न्यावी अशी आहे. नुसत्या औषधांवर ४० टक्के रुग्णांना झटका येईल असं आखणी करताना धरलं होतं, आला २२.७ टक्क्यांना. तेव्हा घरात कुणाची मानेतली धमनी बुजली असेल, तर रक्तदाबाची, रक्त पातळ ठेवण्याची आणि कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, आणि तंबाखूची पुडी आजच फेकून द्या.