शेवटचे बटण

निवडणुकीविषयीची उदासीनता बेफिकिरीतून येते, असे सहसा मानले जाते. महाराष्ट्रातल्या उदासीनतेला मात्र आठवणी आहेत. २३ नोव्हेंबर २०१९च्या पहाटेचा शपथविधी, जून २०२२मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३मध्ये राष्ट्रवादीत पडलेली फूट, मग खरा पक्ष कोणता यावर निवडणूक आयोगापुढे आणि न्यायालयात झालेले वाद, हे सारे पाच वर्षांच्या आत घडले. ज्या चिन्हाकडे पाहून बटण दाबले ते एकीकडे आणि ज्या माणसाकडे पाहून दाबले तो दुसरीकडे, अशी मतदाराची गत झाली. दिलेले मत परत मागता येत नाही. मतदार गप्प होतो तो इथे.

कायदा होताच. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आणली, पण एक-तृतीयांश सदस्य फुटले तर त्यांना मोकळीक ठेवली. २००३च्या ९१व्या दुरुस्तीने ती वाट बुजवली. दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट उघडी राहिली. अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांकडेच राहिला आणि अध्यक्ष बहुधा सत्तेतल्या पक्षाचे असतात. एकट्या आमदाराला पक्ष सोडणे अवघड झाले, गटाने सोडणे त्या मानाने सोपे.

याची झळ सर्वांत आधी लागते ती कार्यकर्त्याला. सभेआधी सतरंज्या अंथरणारा आणि सभा पांगल्यावर त्या झटकून घडी घालणारा हा माणूस. वस्तीतली मतदारयादी त्याला तोंडपाठ असते. कोणाची म्हातारी रिक्षाने आणायची, कोण पुण्याहून मुद्दाम येणार आहे, हे त्याला कागद न बघता सांगता येते. ज्याच्याविरुद्ध घोषणा देऊन घसा बसवला, त्याच्याच गाडीला एका सकाळी हार घालायची वेळ येते. हार घालून तो घरी येतो. पुढे मतदान तो करतोही, पण निकालाच्या दिवशी टीव्ही लावत नाही.

नाराजीला मतदानयंत्रावर जागा मिळाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३च्या निकालाने. त्याआधी कोणालाच मत द्यायचे नसेल, तर केंद्रावरच्या नोंदवहीत तशी नोंद करून सही करावी लागे आणि गुप्तता उरत नसे. आता सर्वांत खाली ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण असते. लोक त्याला नोटा म्हणतात. २०१९च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये काँग्रेसचे धीरज देशमुख मोठ्या फरकाने निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हता. नोटाला सुमारे साडेसत्तावीस हजार मते पडली होती. पलूस-कडेगावातही नोटा दुसरा राहिला. त्यात स्थानिक हेवेदावे असतील, जागावाटपाचा राग असेल. तरीही हजारो माणसे रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून घेतली आणि नाही म्हणाली. याला उदासीनता म्हणणे अन्यायाचे आहे.

या नकाराने निकाल मात्र बदलत नाही. नोटाला सर्वाधिक मते मिळाली, तरी त्याखालोखालचा उमेदवार विजयी होतो. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८मध्ये अशा वेळी फेरनिवडणुकीची तरतूद केली, पण ती स्थानिक स्वराज्य संस्थांपुरती. लोकसभा-विधानसभेलाही ती लागू व्हायला हवी.

पक्षांचा वीट येणे जुनेच आहे. मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४८च्या अखेरीस स्वतःचा रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष विसर्जित केला. त्यांचे सहकारी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी पुढे वाईत मराठी विश्वकोशाचे काम उभे केले. पक्ष सुटला, समाजाचे काम सुटले नाही.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने आणखी वेगळी वाट धरली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. ग्रामसभेत सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बोलणे चालते. २००९मध्ये गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईत मतदान ५० टक्क्यांच्या आसपास झाले. गडचिरोली-चिमूरमध्ये ते ७२ टक्क्यांच्या जवळ गेले, राज्यात सर्वाधिक. मेंढा ज्या भागात आहे, तिथली केंद्रे दुपारी तीनलाच बंद होणार होती.