टक्के सारखे, पीएच वेगळा

भिलाईच्या प्लांटच्या लॅबमधून निवृत्त झाले, तरी घरात कुठल्याही बाटलीवर ‘अ‍ॅसिड’ दिसलं की ती माझ्यापुढे येते. परवा भाची दोन सिरम घेऊन आली. एक तिने इथल्या सिविक सेंटरमधल्या दुकानातून घेतलेलं, दुसरं मैत्रिणीचं. दोन्हींवर ठळक अक्षरांत ‘ग्लायकोलिक अ‍ॅसिड १०%’.

“मावशी, तिचं चुरचुरतं आणि माझं अगदी पाण्यासारखं. मला फसवलं का गं?”

कपाटातला पीएच पेपर काढला आणि एकेक थेंब टाकला. मैत्रिणीच्या थेंबाखाली पट्टी लालसर नारिंगी झाली, म्हणजे साधारण ३. हिची पिवळटच राहिली, ५ च्या आसपास.

फसवणूक नव्हती, दहा टक्के दोन्हींत असतील. पण मुक्त रूपातलं अ‍ॅसिडच त्वचेत नीट शिरतं आणि मेलेल्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल करतं. क्षार झालेलं बहुतेक वरच राहतं. पीएच ३.८ ला निम्मं मुक्त असतं, ३ ला ८५ टक्क्यांहून जास्त, ५ ला दहा टक्क्यांहूनही कमी. म्हणजे हिच्या बाटलीतलं कामाचं अ‍ॅसिड एक टक्काही नाही. मैत्रिणीला मात्र तिचं सिरम रोज लावू नकोस म्हणून सांगायला लावलं. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने घरगुती वापरासाठी दहा टक्क्यांपर्यंतच आणि पीएच ३.५ च्या खाली नको, असं सांगितलंय. आपल्या सावळ्या कातडीला जळजळ झाली तर मागे काळे डाग राहतात आणि ते महिनोन्‌महिने हटत नाहीत. (लिंबू चोळणाऱ्यांनीही ऐकावं, त्याचा पीएच २ च्या घरात असतो. आजीचं दही-बेसन त्यापेक्षा कितीतरी सौम्य. त्यातलं लॅक्टिक अ‍ॅसिड ग्लायकोलिकच्याच कुळातलं.)

शिवाय ऊन. हे अ‍ॅसिड लावणाऱ्याची त्वचा उन्हात लवकर भाजते, थांबवल्यावरही आठवडाभर जपायचं, अशी सूचना अमेरिकेच्या एफडीएने २००५ मध्ये लेबलसाठी सुचवली. भिलाईत आम्ही ऊन थर्मामीटरवर मोजतो, पण त्वचेला पोळतात ती अतिनील किरणं, आणि ती डिसेंबरच्या गार दुपारीही असतात.

संध्याकाळी आम्ही दोघी सिविक सेंटरला गेलो. दुकानदाराने उत्साहाने बाटली पुढे केली, “दीदी, ये ट्वेंटी परसेंट वाला लीजिए, जल्दी असर करेगा.” भाचीने पीएच विचारला. त्याने खोका उलटसुलट केला, कुठेच लिहिलेला नव्हता. मग तिने एसपीएफ ५० चं सनस्क्रीन मागितलं. ते सिरमपेक्षा महाग निघालं. पैसे मी दिले.