सांगणाऱ्याचं काम आणि ऐकणाऱ्याचं पाणी

आमच्या हापिसात जेवणाच्या सुट्टीत धर्मांतराचा विषय निघाला, की गाडी हमखास एका आकड्यावर येते. "किती जणांना बाप्तिस्मा दिला?" म्हणजे सुवार्ता सांगणं हे जणू सेल्सचं टार्गेट आणि बाप्तिस्मा म्हणजे क्लोज झालेलं डील! मंडळी, मला हे गणित कधीच पटलं नाही.

खुद्द बायबलातही ते इतकं सोपं नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सांगतो की सगळीकडे जा, शिष्य करा, बाप्तिस्मा द्या आणि मी सांगितलेलं पाळायला शिकवा. पाणी आहेच, पण मध्ये आहे. शेवटी आहे ते शिकवणं. आणि करिंथची माणसं 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' म्हणत भांडायला लागली, तेव्हा पौलाने स्वच्छ लिहिलं की मला पाठवलंय ते सुवार्ता सांगायला, बाप्तिस्मा द्यायला नव्हे.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे ना. वा. टिळक. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी ते ख्रिस्ताबद्दल वाचत होते, विचार करत होते, तोवर संसार कसाबसा चालू होता. पाणी डोक्यावर पडलं आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात नातेवाइकांकडे राहिल्या. विठोबाच्या गावात, नवरा ख्रिस्ती झालेली बाई! पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. आधी त्यांच्या मनातला जातिभेद गेला, पाणी नंतर आलं. 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवतं, की घाई केली असती तर ही बाई कधीच आली नसती.

टिळक स्वतःही पुढे कुठे पोचले बघा. अमेरिकन मराठी मिशनमध्ये (यांचं एक केंद्र सोलापुरातही होतं) त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. अभंग लिहिले, कीर्तनं केली, म्हणजे सुवार्ता मराठी माणसाच्या कानाला ओळखीची वाटेल अशी सांगितली. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले. प्रयोग तसाच राहिला, प्रश्न मात्र अजून जिवंत आहे.

आमच्या शेजारच्या काकूंचंच घ्या. वीस वर्षं प्रार्थनेला जातात, पाण्यात उतरलेल्या नाहीत. घरच्यांचा विरोध आहेच, वर मुलीच्या जातीच्या दाखल्याची धास्ती. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो. २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका बाईंचा दावा फेटाळताना सुप्रीम कोर्टाने त्यांचा बाप्तिस्माही पुराव्यात धरला. गेल्या महिन्यात एका उत्साही प्रचारकाने काकूंना थेट तारीखच विचारली. रात्री मला फोन. "तू इंजिनिअर हायस ना बे, सांग की, काय करू?"

मी काय सांगणार? एवढंच म्हणालो, "काकू, तारीख तुम्ही ठरवायची. किंमत तुम्ही मोजणार आहात, तो नाही."

असो. माझ्या मते मेख इथेच आहे. सांगणं हे सांगणाऱ्याचं काम. ते त्याने मनापासून करावं, घटनेने त्याला तो हक्क दिलाय. पण पाणी हे ऐकणाऱ्याचं. ते मोजायला लागलं की सुवार्तेचा हिशोब होतो, आणि हिशोबात माणसाच्या घराचं काय झालं याला रकाना नसतो.