सीआरपी कमी आहे, मग न्यूमोनिया नाही?

गडबहून एक आजी आल्या होत्या. पहाटे थंडी वाजून ताप आला, सोबत खोकला. मुलाने वाटेतच रक्त तपासून घेतले होते. "रिपोर्ट त बरा हाय ना, डॉक्टर?" सीआरपी होता १४. बाहेर रांग होती आणि "व्हायरल असेल" हे शब्द माझ्या ओठांवर आलेच होते. पण आजींना एक वाक्य सलग बोलता येत नव्हते. पूर्ण मिनिटभर श्वास मोजले : ३२. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया निघाला. दुसऱ्या दिवशी सीआरपी १८० झाला. आजी बऱ्या झाल्या. ते न बोललेले वाक्य मात्र मला अजून टोचते.

असे का झाले? सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्याच रक्तात ते प्रथम सापडले. संसर्गानंतर ते वाढू लागायला सहा-आठ तास लागतात, शिखर गाठायला साधारण दोन दिवस. आजींचे रक्त फार लवकर घेतले गेले होते. उलट, संधिवातात किंवा ऑपरेशननंतरही सीआरपी वाढतो. म्हणजे तो शरीरात दाह आहे एवढेच सांगतो. कुठे आणि कशामुळे, ते नाही.

मग तपासणी वाया का? नाही. तपासूनही शंका उरली तर ती मदत करते. सीआरपी २० च्या आत असेल तर सहसा अँटिबायोटिक लागत नाही, १०० च्या वर असेल तर बहुधा लागते. उपचार सुरू झाल्यावर आकडा उतरतोय का, हेही कळते. प्रोकॅल्सिटोनिन ही महागडी तपासणी जिवाणू आणि विषाणू यांतला फरक ओळखायला थोडी अधिक उपयोगी. पण न्यूमोनिया दिसत असताना तिच्या भरवशावर औषध थांबवायचे नसते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या माणसांना बाळांचे श्वास मोजायला शिकवले आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू कमी करून दाखवले. तिथे लॅब नव्हती.

तुम्हीही मोजा. बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, मोठ्या माणसात ३० किंवा त्याहून जास्त श्वास असतील, तर रिपोर्टची वाट पाहू नका. थेट दवाखाना गाठा.