रविवारचं तेलपाणी

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत. त्या दिवसांबद्दल लिहिणारे बहुतेकजण रस्त्यांचंच वर्णन करतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की फाटकातून बाहेर पडणारा सायकलींचा लोंढा, अप्पा बळवंत चौकातली घंट्यांची किणकिण, फर्गसन आणि एसपी कॉलेजांच्या आवारात दाटीवाटीने लावलेल्या सायकली. ते सगळं खरंच होतं. पण सोमवारी सकाळी हे शहर सायकलवर टांग मारू शकायचं, ते आदल्या दिवशी पेठापेठांतल्या वाड्यांच्या चौकात कुणीतरी तासभर बसून हात काळे केलेले असायचे म्हणून. त्या तासाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत वाड्यांत वाढलेली आम्ही पोरंपोरी त्या तासाला चिंध्या पुरवायला आणि वाटी धरायला हजर होतो, म्हणून हे लिहायचं.

घरात सायकल एक आणि तिच्यावर हक्क सांगणारे पाच-सहाजण. आठवडाभर ती वडिलांची. संध्याकाळी ते घरी टेकले की थोरल्या भावाची, आणि सुट्टीच्या दिवशी दळणाची, रेशनच्या गव्हाची, मंडईतल्या पिशव्यांची. बऱ्याच घरांत ती पतपेढीच्या कर्जातून आलेली असायची, हप्ते फिटेपर्यंत तिच्याकडे बघायची नजरही वेगळी असायची. आमच्या देवडीत हर्क्युलिस होती, फिलिप्स होती, पुढे अ‍ॅटलस आणि हीरो आल्या. एका बिऱ्हाडात विलायती रॅले होती. तिच्या पायडलजवळच्या दातेरी चकतीत बगळ्यांची तीन डोकी कोरलेली होती, आणि ते काका काडीला चिंधी गुंडाळून त्या बगळ्यांच्या चोचींमधली घाण काढत बसायचे. बाकीचे त्यांना काहीच म्हणत नसत. आपापल्या सायकलीपुढे सगळे तसेच वाकलेले असायचे.

चहा झाला की चौकात गोणपाट अंथरलं जाई, त्यावर जुना ‘सकाळ’. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करायची. वाड्यात एकच चांगला पान्हा, दोन्ही टोकांना गोल आणि प्रत्येक टोकाला वेगवेगळ्या मापांची भोकं असलेला. तो या बिऱ्हाडातून त्या बिऱ्हाडात फिरत राहायचा. आधी चेनकव्हरचे स्क्रू, मग चेनचं लॉक. लॉकवरची ती नखाएवढी क्लिप पक्कडीने सरकवून काढली की लगेच वाटीत पडली पाहिजे, कारण फरशीच्या फटीत गेली तर सोमवार बुडाला. ती वाटी धरायचं काम लहानांचं. आयुष्यातली पहिली जबाबदारी आमच्यापैकी अनेकांना त्या वाटीने दिली.

चेन डालड्याच्या रिकाम्या डब्यात जायची आणि वर कपभर रॉकेल. कपभरच. रॉकेल रेशनवर, आणि त्यावर पहिला हक्क स्टोव्हचा. डबा गदागदा हलवला की आतलं रॉकेल बघता बघता काळं व्हायचं. नारळाच्या शेंडीने किंवा जुन्या टूथब्रशने कडी न् कडी घासायची, पुन्हा बुडवायची. ते काळं रॉकेल कुणी मोरीत ओतत नसे. बाटलीत भरून ठेवलं की आठवड्याभरात गाळ खाली बसायचा आणि वरचं नितळ रॉकेल पुढच्या रविवारी पुन्हा कामाला यायचं. धुतलेली चेन कपड्याने पुसून खिळ्याला उन्हात टांगायची. इथे घाई केलेली वडिलांना चालत नसे. “आत रॉकेल राहिलं तर वरून घातलेलं तेल पातळ होऊन गळून जाईल. वाळू दे,” असं म्हणून ते तेवढ्या वेळात फ्रीव्हीलच्या दातांमधली घाण सुतळीने काढत.

आता तेल. घरोघरी शिवणाचं मशीन असायचं आणि त्याच्या तेलाची कुपी आईच्या ताब्यात. ती मागायला आम्हालाच पाठवत. “थेंब थेंब घाला म्हणावं त्यांना, आंघोळ नका घालू सायकलला,” असं बजावून आई कुपी द्यायची. तिचं म्हणणं यंत्राच्या दृष्टीनेही अगदी बरोबर होतं. चेनची एक कडी जवळून पाहिली तर तिच्यात बाहेरच्या पट्ट्या, आतल्या पट्ट्या, पिन, पिनेभोवतीची नळी आणि त्या नळीवर फिरणारा रोलर असतो. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये केलेली ही रचना साध्या सायकलींत अजून तशीच आहे. घासण होते ती पिन आणि नळी यांच्यामध्ये, जिथे डोळा पोचत नाही. तेल तिथे मुरलं पाहिजे. बाहेरच्या पट्ट्यांवर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं आणि त्या तेलाधुळीचा लगदा पॉलिश कागदासारखा लोखंड खातो. म्हणून प्रत्येक रोलरवर एकेक थेंब, मग पायडल उलटं फिरवत राहायचं, आणि शेवटी कोरड्या कपड्यात चेन धरून बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. इतकं मिनतवारीने घातलेलं तेल पुसायचं का, हा प्रश्न प्रत्येक लहान मुलाने एकदा तरी विचारलेला असे.

बाजारातली साधी चेन ११२ कड्यांची. थेंब चुकू नयेत म्हणून आमच्याकडून सोळाचा पाढा म्हणून घ्यायचे. सोळा थेंबांना ‘सोळा एके सोळा’, पुढच्या सोळांना ‘सोळा दुणे बत्तीस’, असं करत ‘सोळा सत्ते बारोदरसे’ला चेन पुरी. पाढा कधीही न विसरण्याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

तेलाच्या बाबतीत प्रत्येक बिऱ्हाडाचं वेगळं मत होतं. कुणी खोबरेल घालायचे. ते थंडीत थिजून बसायचं. गोडंतेल घातलं की महिन्याभरात चिकट होऊन पिवळट राळ धरायची, मग ती रॉकेललाही दाद देत नसे. गॅरेजमधून स्कूटरचं काढलेलं काळं तेल फुकट मिळायचं, पण त्यात लोखंडाचा कीस असतो, म्हणजे आजार विकत न घेता आणलेलाच. मशीनचं तेल पातळ, आतवर झिरपतं, पण उडूनही लवकर जातं. दर रविवारी तेलपाणी करावं लागायचं त्याचं खरं कारण हे. काही जाणते लोक त्यात थोडं नवं इंजिन ऑइल मिसळायचे आणि पंधरा दिवस निश्चिंत व्हायचे.

तेलाआधी चेन चढवताना क्लिपची बंद बाजू चेन जाते त्या दिशेला आणि उघडं तोंड मागे, म्हणजे काही अडकलं तरी क्लिप निघत नाही. मग मागचं चाक ओढून ताण बघायचा. मधोमध बोटाने दाबली तर चेन अर्धा-पाऊण इंच हलली पाहिजे. त्याहून सैल झाली तर उतरते, घट्ट झाली तर पाय भरून येतात. हे सगळं झाल्यावर चाक फिरवून सगळे कान देत. करकर नाही, नुसती फ्रीव्हीलची बारीक टिकटिक. ती ऐकल्यावर वडिलांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, तसं पगाराच्या दिवशीसुद्धा पाहिल्याचं आठवत नाही. त्यानंतर हात राखेने घासून ‘५०१’ साबणाच्या वडीने धुवायचे, तोवर न्हाणीघराच्या दाराला हात लावायची परवानगी नाही.

पावसाळ्यात मात्र रविवारची वाट बघून भागत नसे. एका भिजण्यात तेल जातं आणि दुसऱ्या दिवशी कड्यांवर तांबूस गंज दिसायला लागतो. घरी आल्या आल्या जुन्या पंच्याने चेन पुसायची आणि दोन थेंब सोडायचे, असा चार महिन्यांचा नेम होता. आणि पावसाळ्याचा विषय निघाला की मोठी माणसं १९६१ वर यायची. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर वाड्यांमधून गाळ उपसताना सायकली निघाल्या, त्यांच्या चेना दगडासारख्या आखडलेल्या. पानशेतचा गाळ फार बारीक, रोलरच्या आत जाऊन बसलेला. नळ बंद, दूरवरून पाणी आणायला सायकल हवी. कंदिलाला रॉकेल हवं आणि चेनलाही रॉकेल हवं. आमच्या घरी सांगत, की त्या आठवड्यात एकाच बादलीत अख्ख्या आळीच्या चेना भिजत होत्या, आणि कुणाची कुठली ते ओळखायला प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. पुराच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या, पण माझ्या मनात घर करून राहिली ती हीच.

दसऱ्याला सायकलची पूजा व्हायची. झेंडूचा हार, हळदकुंकू, हँडलला आपट्याचं पान. पण पूजेआधी आदल्या दिवशी ‘ओव्हरऑइलिंग’, म्हणजे हबमधले छर्रेसुद्धा काढून, धुऊन, नवं ग्रीस भरून परत. काळ्या चेनला हळदकुंकू वाहायचं नाही, असा आमच्या आजीचा कटाक्ष.

मुली हुजूरपागेच्या शाळेत, कॉलेजात सायकलने जाऊ लागल्या तशा त्यांच्या सायकलीही चौकात आल्या. साडी-ओढणी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी आणि चेनला पूर्ण बंद कव्हर. ते पूर्ण कव्हर म्हणजे आपल्या धुळीसाठी केलेली सगळ्यांत शहाणी वस्तू, आणि नव्या सायकलींवरून ती गेली याचं मला खरंच वाईट वाटतं. आत धूळ नाही, पाऊस नाही, चेन दुप्पट टिकते. फक्त तिला विसरायचं नाही. आमच्या वडिलांनी मला आणि बहिणीला कव्हर स्वतः उघडायला शिकवलं. “भाऊ नसला तर अडून बसायचं नाही,” एवढंच ते म्हणाले.

मग १९७२ ला पुण्यातच कायनेटिकची लुना निघाली, आकुर्डीच्या बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले, आणि एकेक सायकल जिन्याखाली मागे सरकत गेली. वाडेही पडले, चौक गेले. पार्किंगमध्ये गोणपाट अंथरलं तर सोसायटीचा वॉचमन विचारायला येतो. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकली जमवून संग्रहालय उभं केलं आहे. तिथल्या सायकली बघताना आमच्या वयाची माणसं आधी वाकून चेनकडे बघतात, हे मी पाहिलं आहे.

नातीची सायकल गिअरची आहे. चेन रुंदीला बारीक, लॉकची जागा बोटांनी उघडणाऱ्या कडीने घेतलेली. घरात रॉकेल नाही, म्हणून आम्ही भांड्यांचा साबण आणि गरम पाणी वापरतो, लगेच पुसून उन्हात ठेवतो आणि मग बाटलीतलं चेनचं तेल, रोलरवर एकेक थेंब. कड्यांचं अंतर मात्र अजूनही तेच, अर्धा इंच, त्यामुळे माझी जुनी लाकडी फूटपट्टी चालते. चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत. चेन ताणली जाते असं म्हणतात, पण लोखंड ताणत नाही. पिना आणि नळ्या झिजतात आणि प्रत्येक कडीत केसाएवढी ढिलाई येते. बारा इंचांवर अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, वाढ दिसली की चेन संपली. त्यापुढे वापरली तर ती मागच्या दातेरी चकत्याही झिजवते आणि खर्च चौपट होतो.

गेल्या रविवारी नातीने मापलं. अर्धं सूत भरलं. दाते अजून शाबूत आहेत, तेव्हा नाना पेठेतून नुसती चेन आणायची आहे.