खारो बांगडो आणि बीपीची गोळी

मे महिना सरत आला की आमच्याकडे ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. बीपी मोजून झालेलं असतं, गोळ्या लिहून झालेल्या असतात, पेशंट उठून दारापर्यंत गेलेला असतो आणि तिथून मागे वळून विचारतो, "डॉक्टरांनू, खारो बांगडो चलात मा?"

याचं पुस्तकी उत्तर एका शब्दाचं आहे : बंद. ते देणं सोपं आहे. पण मालवण, वेंगुर्ला, देवगड या पट्ट्यात जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, दर्या खवळलेला असतो आणि ताजी मासळी मिळालीच तर तिचा भाव ऐकून बीपी वाढतं. घराघरात आगोटीची बेगमी भरून ठेवलेली असते. अशा वेळी 'बंद' सांगितलं की पेशंट मान डोलावतो, घरी जाऊन चुलीत बांगडा भाजतो आणि पुढच्या वेळी मला सांगतो, "नाय ओ, हातसुद्धा लावलंय नाय." बीपीचा आकडा मात्र खोटं बोलत नाही. म्हणून मी हल्ली 'बंद' म्हणण्याआधी 'कसा खाता?' असं विचारतो. आजचा लेख त्या 'कसा'बद्दल आहे. मी स्वतःही गेली काही वर्षं बीपीची गोळी घेतो आणि बांगडाही खातो.

आधी मीठ काय करतं ते पाहू. रापणीला एकदम बांगडा लागला की सगळा ताजा विकला जात नाही. उरलेला चिरून, आतडी काढून, खडे मीठ भरून थरांवर थर लावून ठेवतात आणि मग उन्हात सुकवतात. मीठ माशातलं पाणी ओढून घेतं. जंतूंना वाढायला लागणारं मोकळं पाणी उरत नाही, त्यामुळे मासा महिनोन् महिने टिकतो. म्हणजे इथे मीठ चवीपुरतं नसतं, ते पहारेकरी असतं, आणि पहारा भक्कम असायचा तर मीठही भरपूर लागतं. मिठागरं आपल्या जिल्ह्यातच आहेत. 1930 साली सत्याग्रह झाला ती शिरोड्याची मिठागरं वाचकांना माहीत असतीलच.

ही युक्ती जगभर सगळ्यांना सुचलेली आहे. बोटीवर अनेक वर्षं नोकरी केलेले माझे एक पेशंट तिथल्या नाश्त्याचं वर्णन फार रंगवून करतात : कॉर्न्ड बीफ हॅश. डब्यातलं खारवलेलं गोमांस कुस्करायचं, त्यात बटाटा आणि कांदा घालायचा आणि तव्यावर खालून खरपूस होईपर्यंत परतायचं. यातल्या 'कॉर्न'चा मक्याशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत कुठल्याही दाण्याला कॉर्न म्हणत. इथे तो मिठाचा खडा. गोव्यात ख्रिस्ती घरांत जीभ खारवतात, आपण बांगडा खारवतो. या सगळ्या पदार्थांमागचा विचार एकच आहे. थोडासा खारट तुकडा घ्यायचा आणि अळणी, पोटभरीच्या अन्नात तो पसरवायचा. ते गृहस्थ वर्णन करत होते तेव्हा माझ्या डोक्यात आमच्या घरची किसमूर आणि सुकट-बटाटा घोळत होते.

आता थोडं गणित. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. त्यात सोडियम साधारण 2 ग्रॅम. आपण भारतीय प्रत्यक्षात याच्या दीडपट ते दुप्पट खातो. खारवून सुकवलेल्या माशात शंभर ग्रॅमला 10 ते 20 ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त मीठ असतं. एका मध्यम खाऱ्या बांगड्याचं डोकं-काटे काढून 40 ग्रॅम मांस मिळालं आणि त्यात 15 टक्के मीठ धरलं, तर 6 ग्रॅम झाले. दिवसभराचा कोटा एका बांगड्यात संपला.

आणि बांगडा ताटात एकटा थोडाच येतो? पावसाळ्यातलं आपलं ताट आठवा. पेज, तिच्यात मीठ. बाजूला लोणचं, भाजलेला पापड, तळलेली सांडगी मिरची. भाजीला खारातले फणसाचे गरे. वर सोलकढी, तीही आगळाची. आगळात टिकण्यासाठी किती मीठ घातलेलं असतं ते करणाऱ्या बाईला विचारा. बेगमी म्हणजे जवळपास मीठच. त्यामुळे नुसता बांगडा सोडून उरलेलं ताट तसंच ठेवणाऱ्याचं बीपी फारसं हलत नाही आणि मग तो म्हणतो, "बघा, बांगड्याचो काय दोष नव्हतो!"

मी हे सगळं गणित मांडतो, पण ते कुठे वाकवावं हे मला आईच्या आजारपणात ठरवावं लागलं. ऐंशी ओलांडल्यावर तिला हार्ट फेल्युअर झालं, म्हणजे हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झाली. पायांवर सूज, रात्री दोन उशा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू केल्या, जेवण अळणी केलं. सूज उतरली, पण आईही उतरू लागली. भूक गेली. दोन घास पेज खायची आणि वाटी सरकवायची. वजन उतरत होतं आणि ते पाण्याचं राहिलं नव्हतं, मांसाचं होतं. एक दिवस म्हणाली, "झिला, वायच खारो बांगडो भाजून दी रे. ह्या पेजेक चवच नाय."

हार्ट फेल्युअरच्या म्हाताऱ्या पेशंटमध्ये उपासमार हा स्वतंत्र धोका आहे. अंगावरचं मांस झडलेली माणसं लवकर जातात. मिठाच्या अतिकडक पथ्याबद्दल डॉक्टर मंडळींतही एकमत नाही. 2022 साली 'लॅन्सेट'मध्ये सोडियम-एचएफ नावाचा अभ्यास आला. 806 पेशंट, त्यातल्या एका गटाला सोडियम दिवसाला दीड ग्रॅमच्या खाली आणायला सांगितलं होतं. नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटाच्या तुलनेत मृत्यू किंवा हृदयविकारासाठी दवाखान्यात येणं त्यात कमी झालं नाही. पेशंटना थोडं बरं वाटत होतं इतकंच. याचा अर्थ हार्ट फेल्युअरमध्ये मनसोक्त मीठ खा असा अजिबात नाही. एवढाच की शेवटचा अर्धा ग्रॅम वाचवण्यासाठी माणसाचा घास तोडू नये.

आईला मी बांगडा दिला. भिजवून, मीठ काढून, बोटाच्या पेराएवढा, आठवड्यातून दोनदा, आणि रोज सकाळी वजनकाट्यावर उभं करून. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय असं समजायचं. तसं एकदा झालं, तेव्हा गोळी वाढवली आणि त्या आठवड्यात बांगडा नाही. ती पेज वाटीभर खाऊ लागली. पुढे दीड वर्ष जगली. बांगड्यामुळे जगली असं मी म्हणणार नाही, पण जेवून जगली.

घरात त्या दिवसांत जे करायला लागलो ते आजही दर पावसाळ्यात होतं. चौघांसाठी दोन बांगडे पुरतात. डोकं, शेपटी, पर काढून वरचं मीठ वाहत्या पाण्याखाली धुवायचं, तुकडे करून मोठ्या पातेलंभर पाण्यात बुडवायचे. पाणी कमी असेल तर तेच खारट होतं आणि माशातलं मीठ बाहेर यायचं थांबतं, म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन-चार वेळा पाणी बदलायचं. कोपरा तोडून चाखा. तरीही खारट लागला तर आणखी एक पाणी. रात्रभर भिजवायचा असेल तर फ्रीजमध्येच. मीठ हा पहारेकरी आपण स्वतः घालवलेला असतो. ओट्यावर राहिलेला बांगडा सकाळपर्यंत बिघडू शकतो.

मग तुकडे पिळून, कोरडे करून तव्यावर भाजायचे, काटे काढायचे, हाताने कुस्करायचे. तीन बटाटे उकडून फोडी. चमचाभर खोबरेल तेलात दोन कांदे परतले की बटाटा घालायचा आणि हलवायचा नाही, खाली लाल पापुद्रा धरू द्यायचा. शेवटी बांगडा, सुकी मिरची, ओलं खोबरं आणि लिंबू. सोलं घालायची तर बिनमिठाची. बाजारची बहुधा मीठ लावलेली असतात. वरून मीठ घालायचंच नाही. पेजेतही नाही. बांगडा आहे तिथे लोणचं-पापड नाही. आमच्या सौभाग्यवतींच्या मते याला किसमूर म्हणणं हा किसमुरीचा अपमान आहे. नाव काही का असेना, माणशी अर्धा बांगडा, त्यातलंही बरंच मीठ पाण्यात गेलेलं, आणि बटाटा-नारळातून पोटॅशियम. पोटॅशियममुळे किडनी जास्त सोडियम बाहेर टाकते. अळणी जेवण सुरुवातीला नकोसं वाटतं, पण काही आठवड्यांत जीभ सरावते. मग पूर्वीचंच जेवण खारट लागतं.

खारवलेल्यापेक्षा साधे सुके बोंबील किंवा गोलमा चांगला, कारण ते बहुतेक वेळा मिठाशिवाय उन्हात सुकवतात. विकत घेताना चाखून किंवा विचारून घ्या. मात्र गाऊट असणाऱ्यांनी कुठलीच सुकी मासळी फार खाऊ नये. पाणी गेल्यामुळे त्यातली युरिक ॲसिड वाढवणारी द्रव्यंही घट्ट झालेली असतात.

किडनीचा आजार असेल तर वरची पाककृती तुमच्यासाठी नाही. तुम्हाला मीठ आणि पोटॅशियम दोन्ही सांभाळायचं असतं. याच कारणासाठी 'लो सोडियम' मीठ स्वतःहून आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. बऱ्याच लोकांना ते उपयोगी पडतं, पण किडनी अधू असेल किंवा टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. आधी तपासणी, मग ते मीठ.

टीबीचे उपचार चालू असलेल्यांनी पुढचं नीट वाचा. बांगडा, कुपा, तारली हे मासे पकडल्यावर वेळेत थंड केले नाहीत तर त्यांत हिस्टामीन तयार होतं. ते शिजवून जात नाही, भाजून जात नाही, खारवूनही जात नाही. ते पचवणाऱ्या एन्झाइमच्या कामात आयसोनियाझिड ही टीबीची गोळी अडथळा आणते. मग जेवल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल, डोकं ठणकणं, छातीत धडधड. पेशंटला वाटतं गोळीच बाधली आणि तो गोळी बंद करतो. गोळी बंद करू नका. कोर्स संपेपर्यंत हे मासे, विशेषतः सुके, बंद ठेवा आणि असा त्रास झाला तर लगेच दाखवा.

इतरांनाही खराब बांगड्याने असा त्रास होतो. जिभेला मिरीसारखं चुरचुरलं तर घास थुंकून टाका. सुक्या माशावर गुलाबी-लाल चट्टे दिसले तर ते मिठातच वाढणारे जंतू असतात. तो मासा धुऊन, ऊन दाखवून वापरू नका, टाकून द्या. आणि डबा उघडल्यावर मऊ, ओलसर लागला तर त्याला पावसाची हवा लागलेली आहे. किलोभर एकदम भरण्यापेक्षा लहान लहान बरण्या भरा.